गोजराचे गुण

"तोंड शिवलंय का तिचं?" मी ओरडले आणि हातातली बेदाण्याची मूठ सुपात आपटली.

शैलजानं पुस्तकातल्या ओळीवर बोट ठेवून वर बघितलं. ताडपत्रीवर गोल बसलेल्या चौदा बायकांचे हात थांबले.

"सासू काठाला नाव बांधायला विसरली, नाव पुरात वाहून गेली, आणि ही भर गावासमोर उभी राहून सांगते, मी विसरले म्हणून? काय नडलं होतं? सरळ बोट दाखवायचं म्हातारीकडं."

"पुढं ऐका तरी, आत्या," शैलजा म्हणाली.

"पुढं काय ऐकायचंय? असल्या बायका मला चालत नाहीत."

"तुमाला कुठल्या चालत्यात, अक्का?" मालन म्हणाली. "जित्या चालंनात, आता पुस्तकातल्याबी चालंनात."

बायका खदाखदा हसल्या. मालनचं मी चालवून घ्यायची. माझ्या शेडवर ती पहिल्या दिवसापासून होती आणि मला बोलायचा हक्क तिनं आपला आपणच घेतला होता.

ही गोष्ट सत्तावीस वर्षांपूर्वीची. तासगावपासून थोड्या अंतरावर आमची द्राक्षबाग, आणि बागेच्या वरच्या अंगाला बेदाण्याचं शेड. नवरा गेल्यावर आठ वर्षं ते मी एकटीनं चालवलं होतं. बाग मुलगा बघायचा, सुकुमार. पण शेडमध्ये शब्द माझा. मगदुमांच्या चंपाक्काचा बेदाणा म्हटलं की बाजारात पेटी उघडून बघत नसत. हे मी सांगत नाही, लोक सांगायचे. आणि मी त्यांना अडवत नव्हते.

शैलजा माझी सून. आमच्याकडं सासूला आत्या म्हणतात, नातं असो नसो. तिचे वडील शाळेत मास्तर होते. लग्न ठरवताना त्यांनी हात जोडून एकच सांगितलं, "अक्का, पोरीची बी.ए. पुरी होऊ द्या." मी म्हटलं, "दिला शब्द." मागच्या वर्षी आजारपणात तिचा मराठीचा एक पेपर राहिला होता. तेवढा दिला की झालं. त्या पेपराला एक जुनी कादंबरी होती. नाव चांगलं भारदस्त होतं, पण आमच्या बायका तिला गोजराचं पुस्तक म्हणायच्या. गोजरा ही एका नावाड्याची बायको. तिचीच सगळी गोष्ट.

हंगामात अभ्यासाला वेळ कुठला? तेव्हा शैलजानंच विचारलं, "आत्या, निवडायला बसल्यावर मी मोठ्यानं वाचू?" मी म्हटलं, वाच. निदान बायका एकमेकींच्या घरातलं उकरणार नाहीत.

वाचायचं म्हणजे हात थांबणार. सकाळी प्रत्येकीपुढं बेदाण्याचा सारखा ढीग पडायचा. देठ, काडी, काळा मणी काढून संध्याकाळपर्यंत तो संपवायचा. शैलजाचा ढीग तसाच राहू लागला. मग तिसऱ्या दिवशी मालननं न बोलता तिच्या ढिगातली एक मूठ आपल्याकडं ओढली. पान उलटलं तशी शेजारच्या हमीदानं ओढली. पुढच्या पानाला तिच्या शेजारणीनं. तसा रिवाजच पडून गेला. पान उलटलं की एक मूठ. ढीग संपत आला की बायका म्हणायच्या, "वयनी, सावकाश वाचा की, अजून उन्हं हायत."

मीही एक मूठ ओढायची. पण माझी पाळी आली की माझं तोंड जास्त चालायचं.

"गोजराचे गुण कोणते, असा प्रश्न हमखास येतो," शैलजा त्या दिवशी म्हणाली. "गाईडमध्ये उत्तर आहे. सोशिकता, त्याग आणि क्षमाशीलता."

"म्हणजे गप्प बसणं, गप्प बसणं आणि गप्प बसणं," मी म्हटलं. "एकाच गुणाची तीन नावं. मार्क तिप्पट मिळतात का?"

शैलजाला हसू आलं. ती चटकन हसायची नाही, म्हणून मला ते आवडलं. पण मी दाखवलं नाही.

त्याच दुपारी मालन रॅक बघून आली आणि माझ्यासमोर हात उघडला. तिच्या तळहातावरचा बेदाणा पडत नव्हता. चिकटला होता. रंग जुन्या गुळासारखा.

"किती?" मी विचारलं.

"खालपासनं वरपातूर. अक्खा लॉट."

मी रॅकपाशी गेले. जाळीवर हात फिरवला तर बोटं तेलकट झाली. बारा दिवसांपूर्वी टाकलेला माल, सोन्यासारखा हिरवट पिवळा व्हायचा, तो काळवंडून एकमेकाला धरून बसला होता. आठ वर्षांत माझा एक लॉट गेला नव्हता.

द्राक्षं रॅकवर टाकायच्या आधी औषधाच्या पाण्यात बुडवतात. पाण्यात दोनच वस्तू, पावडर आणि तेल. पावडर शैलजा काट्यावर तोलून टाकायची. तेल माझ्या हातचं. माझ्या हातचं चुकणार नाही, हे जगाला माहीत होतं. मग राहिलं काय?

मी ताडपत्रीपाशी परत आले. शैलजा पुस्तक मांडीवर घेऊन बसली होती.

"किती टाकलीस पावडर?"

"नेहमीएवढी, आत्या. तोलून टाकली."

"डोळे काट्यावर होते का गोजरावर?"

"आत्या, मी तोलून..."

"दीड टन द्राक्षं मातीत घातलीस! डोकं पुस्तकात आणि हात भलतीकडं. आण ते इकडं." मी पुस्तक तिच्या मांडीवरून उचललं. "झाली परीक्षा. काय गोजराचे गुण गायचेत ते आता चुलीपुढं गा."

चौदा बायका बघत होत्या. शैलजाचा चेहरा लाल झाला, मग पांढरा. तिनं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा रॅककडं. आणि खाली मान घालून आपला ढीग निवडायला लागली. कुणी मूठ ओढायला हात पुढं केला, तर तिनं तो ढीग आपल्याकडं सारून घेतला.

पेपर वीस दिवसांवर होता.

घरी सुकुमारनं तोंड उघडलं, "आई, तिच्या वडलांना आपण शब्द..." मी बघितलं. त्यानं मिटलं.

दुसऱ्या दिवशी बागेतून पुढचा माल आला. मी टबापाशी गेले तर तेलाच्या कॅनच्या तोंडात कापडाचा बोळा कोंबलेला.

"हे काय?"

"झाकणाचे आटे गेलेत, आत्या," शैलजा पावडर तोलत म्हणाली. "बसत नाही. म्हणून बोळा लावला. झाकण मुठीला बांधलंय दोरीनं."

मी झाकण दोरीसकट हातात घेतलं आणि नेहमीसारखं तेल मोजून ओतलं. एका टबाला सहा झाकणं. कॅनवर इंग्रजीत काय काय लिहिलेलं असतं. मी शिकले दुसरी, तीही अर्धी. पण मला लिहिलेलं लागत नव्हतं. आठ वर्षं मी झाकणानं मोजत होते आणि आठ वर्षं माझा बेदाणा पेटी न उघडता विकला जात होता.

"पावडर नीट तोल," मी तिला म्हटलं.

"हो, आत्या."

त्या पंधरा दिवसांत शेड थंड पडलं. बायका बोलायच्या, पण पूर्वीसारख्या आपल्या घरातलं, दुसरीच्या घरातलं. तिसऱ्या दिवशी मालन म्हणाली, "अक्का, येवढं तरी सांगा. ती म्हातारी बोलली का पुढं?"

"कुठली म्हातारी?"

"गोजराची सासू, वं. गावानं गोजराला वाळीत टाकलं, पाणवठ्यावर येऊ देईनात. आता तरी बोलली आसंल की म्हातारी, माजी चूक हाय म्हणून."

"मला काय माहीत? काम करा."

पण मला माहीत करून घ्यायचं होतं. खोटं कशाला सांगू, मालनपेक्षा जास्त. पुस्तक मी माझ्या ट्रंकेत ठेवलं होतं. दुपारी घरी जेवायला आले की दार लोटायची, ट्रंक उघडायची आणि खिडकीपाशी बसून अक्षरावर बोट ठेवून वाचायची. जोडाक्षर आलं की घाम फुटायचा. एका दुपारी एक पान झालं तर पुष्कळ. शैलजानं पेन्सिलीनं कडेला बारीक खुणा केल्या होत्या. कुठं नुसती रेघ, कुठं प्रश्नचिन्ह. "सोशिक" असं एका ठिकाणी लिहून तिनंच खोडलं होतं. तिथं मी बराच वेळ थांबले.

पंधरा दिवसांत माझी अकरा पानं झाली. म्हातारी अजून बोलली नव्हती.

आणि दुसरा लॉट उतरला. काय सांगू! मणी मणी सुटा, पातळ सालीचा, उन्हाकडं धरला तर आरपार दिसणारा. मी मूठभर घेऊन सगळ्यांसमोरून फिरवला.

"बघा. पुस्तक बंद झालं आणि माल कसा आला!"

शैलजा सुपात बघत होती. हमीदानं घसा खाकरला, तेवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी खालच्या बागेतच टब मांडायचा होता, म्हणून कॅन ट्रॉलीतून न्यायचा होता. बोळा लावून नेला तर तेल हिंदकळून सांडणार. आटे गेले असले तरी झाकण दाबून वर फडकं बांधावं, म्हणून मी दोरी सोडली आणि झाकण कॅनच्या तोंडावर ठेवलं.

ते आत पडलं.

मला आधी कळेचना. आटे गेलेलं झाकण सैल बसेल, फिरत राहील. आत कसं पडेल? मी तारेनं ते बाहेर काढलं, पुसलं आणि पुन्हा तोंडावर धरलं. सगळीकडून बोट बोट फट. ह्या कॅनचं ते झाकणच नव्हतं.

शैलजा शेडच्या मागं पावडरचा डबा उघडत होती. मी तिच्यासमोर झाकण धरलं.

"हे कुठलं?"

ती पुन्हा डब्यात बघू लागली.

"बोल. तुझंही तोंड शिवलंय का?"

"जुन्या निळ्या कॅनचं," ती म्हणाली.

त्या हंगामात जुनं तेल मध्येच संपलं आणि दुकानदारानं दुसऱ्याच कंपनीचा माल दिला. निळ्या कॅनऐवजी पांढरा. तेल तेच आहे ना, एवढं मी हुंगून बघितलं होतं.

"आणि पांढऱ्याचं झाकण?"

तिनं पावडरच्या डब्यामागून काढून दिलं. मी दोन्ही झाकणं घेऊन हौदापाशी गेले, ती पावडरचं भांडं घेऊन मागोमाग आली. जुनं झाकण पाण्यानं भरलं आणि नव्यात ओतलं. नवं अर्धंच भरलं. पुन्हा ओतलं, तेव्हा काठोकाठ झालं.

काळ्या पडलेल्या लॉटच्या प्रत्येक टबात मी सहाच्या जागी बारा झाकणं तेल ओतलं होतं. हाताला झाकण मोठं लागलंही असेल. पण माझा हात चुकत नाही हे मी आधीच ठरवून ठेवलं होतं, मग हाताचं कोण ऐकतं?

मी हौदाच्या कट्ट्यावर बसले.

"कधी कळलं तुला?"

"त्याच दुपारी. तुम्ही बोललात त्यानंतर. पावडर मी तोलली होती हे मला पक्कं माहीत होतं. मग तेलच राहिलं. कॅन बघितला, झाकण बघितलं. भंगारातून जुनं शोधून काढलं."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही ऐकलं असतं?"

उत्तर दोघींनाही माहीत होतं.

"गोजरा व्हायला निघालीस होय? पुस्तकातलं बघून?"

"नाही, आत्या." ती पहिल्यांदाच माझ्याकडं सरळ बघून बोलली. "गोजरा सोशिक आहे. तिला राग येत नाही. मला आला होता. इतका आला होता की त्या संध्याकाळी माहेरी निघून जावं असं वाटलं. पण दुसऱ्या दिवशी माल यायचा होता. तोही काळा पडला असता. तुमच्याशी मग भांडता आलं असतं, माल परत आला नसता. म्हणून आटे गेले असं खोटं बोलले."

"गोजराला राग येत नाही असं कोण म्हणतं?"

"गाईडमध्ये आहे."

"तुझा गाईडवाला कधी कुणाच्या सासुरवासात राहिलाय का? गावासमोरून घरी आल्यावर ती काय करते?"

शैलजा आठवू लागली. "काही नाही. भांडी घासते."

"कुठली भांडी? सकाळी घासून पालथी घातलेली. स्वच्छ भांडी खाली काढते, राख घेते आणि पुन्हा घासत बसते, दिवेलागण होईस्तोवर. एक तांब्या तर असा घासते की त्याला पोचा येतो. राग आलेला नाही होय तिला? बाई कधी स्वच्छ भांडी घासते, हे मला विचार. तुझ्या सासऱ्यांच्या वेळी मी पितळेचा हंडा झिजवलाय."

शैलजाच्या हातातलं पावडरचं भांडं तसंच राहिलं.

"आत्या, तुम्ही वाचलंत?"

"अकरा पानं."

"ट्रंकेत ठेवून?"

"ट्रंकेत ठेवून कसं वाचेन? बाहेर काढून." मी उठले. "हे बघ, सोसणं हा काय गुण आहे? दगडही सोसतो. तिला राग आलेला असतो, आणि त्या रागातसुद्धा तिला दिसतं की आता काय वाचवायला पाहिजे. गावानं म्हातारीला हाकललं असतं तर ती त्या वयात रस्त्यावर मेली असती. गोजरा तरणी होती, ती निभावून नेणार होती. हा हिशेब तिनं उभ्या उभ्या केला. रागात डोळे मिटतात माणसाचे. तिचे उघडे राहिले. मला ती तेव्हा कळली नाही, आता कळली. मोठी बाई आहे ती."

शैलजानं पावडरचं भांडं खाली ठेवलं. मग हळूच म्हणाली, "परवा पेपर आहे, आत्या."

"माहीत आहे. पुस्तक घेऊन जा. आज वाचून संपव."

"आणि झाकणाचं कुणाला सांगायची गरज नाही, आत्या. मी कुणाला बोलले नाही, बोलणार नाही."

मी मान डोलावली. खरं सांगते, मला बरं वाटलं. परीक्षा दिली, पुस्तक दिलं, माझा शब्द राहिला. बायकांना काय करायचंय झाकणाशी? माझा आठ वर्षांचा मान होता, तो तिथंच राहिला असता. ट्रॉलीपर्यंत चालत जाईपर्यंत माझं सगळं ठरलंसुद्धा होतं.

दुपारी पुस्तक ताडपत्रीवर आलं तेव्हा बायकांनी नवी नवरी आल्यासारखी जागा करून दिली. माझ्या अकरा पानांतलं थोडक्यात सांगून शैलजा पुढं वाचू लागली. पान उलटलं, मालननं मूठ ओढली. शैलजानं ह्या वेळी ढीग सारून घेतला नाही.

गोजराची सासू अंथरुणाला खिळली होती. गोजराच तिचं सगळं करत होती. गाव अजून गोजराच्या हातचं पाणी पीत नव्हतं. शेवटच्या दिवशी म्हातारीनं गोजराचा हात धरला. ओठ हलवले. गोजरा वाकली. सगळ्या बायका पुढं सरकल्या. मीसुद्धा.

आणि म्हातारी मेली. काही न बोलता.

"आरं द्येवा," हमीदा म्हणाली आणि पदर डोळ्याला लावला.

"मेली?" मालन म्हणाली. "तशीच मेली? अगं वयनी, मागचं पान बघा, चिकटलं आसंल."

"नाही मालन, तशीच मेली."

"मग गोजराचं काय? जलमभर ती तशीच ऱ्हाणार व्हय? म्हातारी सुटली, हिच्या कपाळाला डाग तसाच." मालन खरोखर चिडली होती. "येक शबुद बोलायचा हुता त्या म्हातारीला. येक. काय जातंय गं बोलायला?"

ती माझ्याकडं बघून बोलली नव्हती. तिला काही माहीत नव्हतं. ती बेदाण्याशी बोलत होती. पण माझ्याच्यानं बसवेना. मी उठले, हौदाकडं गेले, तांब्याभर पाणी आणि ती दोन झाकणं घेऊन आले. ताडपत्रीच्या मधोमध उभी राहिले.

"आत्या," शैलजा घाईनं म्हणाली, "राहू द्या."

"तू गप्प. तुझं गप्प बसून झालंय, आता माझं बोलायचं आहे." मी खाली बसले. सगळ्यांना दिसेल असं नवं झाकण मध्ये ठेवलं. जुन्यानं एकदा पाणी ओतलं, दुसऱ्यांदा ओतलं. "हे निळ्या कॅनचं. हे पांढऱ्याचं. एकाची दोन होतात. त्या काळ्या लॉटला मी ह्या मोठ्यानं तेल मोजलं. पावडर बरोबर होती. लॉट शैलजानं घालवला नाही. मी घालवला. तुमच्यासमोर मी तिला बोलले, ते खोटं होतं. आणि दुसरा लॉट आला तो तिच्यामुळं आला. हे झाकण तिनं बांधलं होतं, मी मिरवलं."

शेडमध्ये एकही हात हलत नव्हता. वरच्या पत्र्यावर चिमण्या नाचत होत्या तेवढाच आवाज. माझे कान तापले होते. पन्नाशी ओलांडलेली बाई, आणि आयुष्यात हे वाक्य पहिल्यांदा तोंडातून निघालं होतं.

मालननं दोन्ही झाकणं उचलून बघितली. पाणी ताडपत्रीबाहेर ओतून दिलं. मग म्हणाली, "अक्का, परत येकदा सांगा. हमीदाला त्या कानानं कमी ऐकू येतं."

कुणीतरी फिस्सकन हसलं. मग सगळ्याच. मीही हसले. मला हसू आलं की रडू ते मला अजून सांगता येत नाही.

"वाच गं पुढं," मी शैलजाला म्हटलं. "म्हातारी मेली तर मेली. गोजराचं काय होतं ते बघू."

ती वाचू लागली. पान उलटलं तेव्हा पाळी माझी होती. मी तिच्या ढिगातली मूठ ओढली. मोठी ओढली.

तिसऱ्या दिवशी मी स्वतः तिला एस.टी.नं तालुक्याच्या कॉलेजात घेऊन गेले. सुकुमार मोटारसायकलवरून नेतो म्हणत होता. मी म्हटलं, "शब्द मी दिला होता. मी नेणार." तीन तास मी गेटासमोरच्या कडुनिंबाखाली बसले. वाटेत दुकानातून औषध मोजायचा आकडे घातलेला ग्लास घेतला होता, तो पिशवीतून काढून आकडे वाचत बसले. दुकानदाराकडून तीनदा म्हणून घेतले होते, तरी एकदा शंभर आणि दीडशेमध्ये गोंधळ झालाच. शेजारी कुणाचे तरी वडील बसले होते. त्यांनी विचारलं, "मुलगी आहे का परीक्षेला?" मी म्हटलं, "हो." सून म्हणायचं तोंडावर आलं नाही.

घंटा झाली. शैलजा बाहेर आली. बोटं शाईनं भरलेली.

"काय आलं होतं?"

"गोजराच्या स्वभावातील गुणांचे विवेचन करा."

"किती लिहिलंस?"

"पुरवणी लावली, आत्या."

"गाईडमधलं?"

"नाही. भांड्यांचं लिहिलं. स्वच्छ भांडी पुन्हा घासते ते. ती सोशिक नाही, रागातही तिचे डोळे उघडे राहतात, हे लिहिलं. पोचा आलेल्या तांब्याचं लिहिलं."

"हंड्याचं नाही ना लिहिलंस?"

"नाही," ती हसली. "हंडा पुस्तकात नाही."

आम्ही स्टँडकडं चालायला लागलो. ऊन चांगलंच तापलं होतं. कोपऱ्यापर्यंत मी कळ काढली. मग राहवलं नाही.

"आणि म्हातारीचं काय लिहिलंस? गोजराच्या सासूचं?"

"काहीच नाही."

"का? एवढा अन्याय केला तिनं. लिहायचं की चांगलं झणझणीत."

शैलजानं रुमालानं बोटांची शाई पुसली. निघाली नाही. पुसता पुसताच म्हणाली, "प्रश्न गोजराच्या गुणांचा होता, आत्या. सासूचे गुण विचारले असते तर चार पुरवण्या लागल्या असत्या."

मी पदर डोक्यावरून नीट पुढं ओढून घेतला.

"चल लवकर," म्हटलं, "गाडी चुकेल."

गाडीला अजून पाऊण तास होता.